सत्तरीच्या कार्डात मनाचंही बघा

संपादक महोदय,

७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार द्यायचा केंद्राचा २०२४ चा निर्णय चांगलाच आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट राहून गेलीये. हे कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डिप्रेशनचा इलाज बहुतेक वेळा ओपीडीतच होतो, गोळ्या, समुपदेशन, फॉलोअप, सगळं घरच्यांच्या खिशातून. २०१७-१८ च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये डिप्रेशन आढळलं, आधी निदान झालेलं होतं जेमतेम ०.८ टक्क्यांचं! आईवडील जेवत नाहीत, बोलत नाहीत तर आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो, आणि कॅन्सरचा किंवा डायलिसिसचा पेशंट असला तर 'एवढ्या आजारात असं वाटणारच' म्हणतो. वाटत असेलही, म्हणून उपचार करायचे नाहीत का?

डायलिसिस आणि केमोसाठी याच कार्डावर लोक वारंवार येतात, तिथेच नर्सने दोन प्रश्न विचारावेत, गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही का आणि सारखं उदास, हताश वाटतं का, पीएचक्यू-२ नावाचं हे साधं स्क्रीनिंग आहे, त्याला ना मशीन लागतं ना रक्ततपासणी. त्यात काही आढळलं तर मानसोपचाराची ओपीडी आणि गोळ्या त्याच कार्डावर मिळाव्यात. १४४१६ ही मानसिक त्रासासाठीची सरकारी टेलिमानस हेल्पलाइन आहे, चांगली सोय आहे, पण ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी फोनवर किती बोलायचं? केंद्राला वेळ लागत असेल तर राज्याने महात्मा फुले योजनेत तरी हे सुरू करावं.

– एक वाचक, नाशिक