माझं पान परत लिहायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

उघडं पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. तुमचं नाव लिहायचं नाही, संस्थेचं नाही, घर कुठल्या रस्त्यावर आहे हे तर मुळीच नाही. ज्या जागेचा पत्ताच लपवून ठेवायचा, तिथल्या माणसाचे जाहीर आभार मानायचे कसे? पण मानायचेच आहेत. तुम्ही ओळखालच, बाकीच्यांनी ओळखू नये.

नवऱ्याच्या, जोडीदाराच्या छळातून सुटून आलेल्या बायकांच्या आपल्या निवारागृहातून बाई सावरून बाहेर पडली की लोक वकिलांचे आभार मानतात, समुपदेशकांचे मानतात. बरोबरच आहे. मदतनीस म्हणजे चादरी बदलणारी आणि रात्री दार उघडणारी, अशी समजूत. कामाला लागले तेव्हा माझीही तीच होती. पण कुठलं पोर बूट घालूनच झोपतं, कुठली बाई आतून कडी लावल्यावर ती पुन्हा दोनदा चाचपून बघते, हे समुपदेशकांच्या खोलीत बसून दिसत नाही. ते आपल्याला दिसतं. "आणि दिसलेलं वहीत उतरलं नाही, तर ते ड्युटी संपवून तुझ्याबरोबर घरी जातं," असं तुम्ही म्हणायचात.

त्या वहीचीच गोष्ट सांगते.

मला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. संध्याकाळी एक बाई आली. (तिची ओळख पटेल असं काही इथे येऊ दिलेलं नाही, काळजी करू नका.) मी तिची नोंद केली: "तोऱ्यात वागते. विचारलं तर धड उत्तर देत नाही. नाटकी वाटते." नेमकं लिहिलं म्हणून मी खूशही होते. तुम्ही रात्रीच्या ड्युटीवर आलात, चष्मा लावून वाचलंत आणि वही माझ्यापुढे सरकवलीत.

"हे तुझ्याबद्दल झालं. आता तिच्याबद्दल लिही."

ताई, मला भयंकर राग आला होता. माझी वेळ संपलेली, पाय भरून आलेले, आणि ह्या बाई मला शुद्धलेखनासारखं परत लिहायला लावतायत! "मग लिहू तरी काय?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. तुमचा आवाज काही चढला नाही. डोळ्यांना दिसलं ते लिही, कानांना ऐकू आलं ते लिही, ती बोलली असेल तर तिच्याच शब्दांत लिही. 'वाटते' आलं की पेन थांबव. आणि पान फाडायचं नाही, जुन्या ओळींवर एकेक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. "उद्या हे पान कोर्टात गेलं तर समोरचा वकील तुझा 'नाटकी' तेवढा उचलेल. तिच्या नवऱ्याला फुकटात साक्षीदार मिळेल."

मी धुसफुसत लिहायला लागले. सात वाजता आली. आवाज बसलेला. तीन प्रश्नांना नुसती मान हलवली. पाणी दिलं, दोन घोट घेऊन पेला खाली ठेवला. गिळताना मान पुढे काढली. एक हात सतत गळ्याशी.

लिहिता लिहिता मला काही उमगलं, असं म्हणायला आवडलं असतं. नाही उमगलं. मी फक्त लिहीत होते. तुम्ही खांद्यावरून वाचत होतात, आणि शेवटची ओळ व्हायच्या आत खोलीकडे निघालातसुद्धा. तिच्यासमोर उभ्या राहिला नाहीत, खाली जमिनीवर बसलात, आणि तेही बाजूला, दार तिला मोकळं दिसेल असं. "काय झालं" असं मोघम विचारलं नाहीत. "त्यानं गळा दाबला होता का?" एवढंच. ती काही बोलली नाही. तिनं तीन बोटं वर केली.

रात्री रुग्णालयाच्या बाकावर तुम्ही मला जे सांगितलंत ते माझ्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. गळा दाबल्याची खूण दिसेलच असं नाही. अमेरिकेत अशा 300 प्रकरणांचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्या बायकांच्या अंगावर डोळ्यांना दिसेल अशी इजाच नव्हती. आतली सूज मात्र काही तासांनी वाढू शकते, आणि मानेतल्या रक्तवाहिनीला धक्का बसला असेल तर पुढे काही दिवसांनीही पक्षाघात येऊ शकतो. आणि 2008 सालचा तो दुसरा अभ्यास: मार खाणाऱ्या बायकांमध्ये, जिचा गळा जोडीदारानं आधी दाबलेला आहे, तिचा त्याच्या हातून खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त. म्हणून मोघम विचारायचं नाही, गळ्याचं नाव घेऊन विचारायचं. बायका मारहाण सांगतात, हे सांगत नाहीत. पुष्कळजणींना ते 'मारणं' वाटतच नाही.

बसलेला आवाज होता तो. मी त्याला तोरा म्हणत होते.

तुमच्याकडून शिकलेलं बाकी बरंच आहे, सगळं लिहीत बसत नाही. फोन उचलल्यावर संस्थेचं नाव घ्यायचं नाही. "अमुक बाई तिथे आहे का" असं कुणी विचारलं तर ती असो वा नसो, उत्तर एकच: इथे कोण आहे, कोण नाही, हे आम्ही सांगत नाही. दार वाजवायचं आणि आतून "या" येईपर्यंत थांबायचं, हातात चादरींचा गठ्ठा असला तरी. आणि ते चाक! अमेरिकेतल्या डुलुथ शहरात 1984 साली मार सोसलेल्या बायकांशी बोलून काढलेलं, जोडीदार बाईला ताब्यात कसं ठेवतो हे दाखवणारं चाकाचं चित्र आम्हाला प्रशिक्षणात दाखवलं होतं, आठ आरे पाठ करून घेतले होते, आणि माझ्या डोक्यात काडीचा उजेड पडला नव्हता. तुम्ही कपडे वाळत घालता घालता सांगितलंत, की मारहाण त्या चाकाची धाव आहे, बाहेरून आवळून धरणारी. आत रोजचं असतं ते पैसे अडवणं, माणसं तोडणं, मुलांच्या आडून धमकावणं. म्हणून "मारत तर नाही ना रोज?" हा प्रश्न विचारायचाच नाही.

ती बाई काही आठवड्यांनी परत गेली. त्याच्याकडे. ह्याबद्दल मात्र मी अजून तुमच्याइतकी शांत झालेले नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी आदळत होते. एवढं सगळं करून! तुम्ही तिची पिशवी भरायला मदत केलीत, आपला नंबर कागदावर न देता तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलात आणि मग आत येऊन मला म्हणालात, "सोडून जाताना जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो, हे तुझ्याआधी तिला माहीत आहे. ती वेडी नाही, हिशेब करतेय. आपलं दार तेवढं तिच्या हिशेबात राहू दे." मी वहीत "ऐकलं नाही, परत गेली" लिहिणार होते. लिहिलं असं: "सकाळी अकरा वाजता स्वतःच्या निर्णयाने गेली. नंबर पाठ आहे."

आभार मानायचे म्हणजे सगळं गोडच लिहायचं, असं मला जमणार नाही. तुम्ही मला एकदाही शाबासकी दिली नाहीत. गळ्याच्या त्या रात्रीनंतरही नाही. दुसऱ्या दिवशी वही उघडून "तारीख राहिली" एवढंच म्हणालात.

परवा नवी मुलगी रुजू झाली. चुणचुणीत आहे. तिची पहिली नोंद वाचली: "विचित्र वागते, जेवणाचे नखरे." मी वही तिच्यापुढे सरकवली. तिनं माझ्याकडे जे बघितलं ना, ताई, तसंच मी तेव्हा तुमच्याकडे बघितलं असणार. पाच मिनिटं नुसती बसून राहिली. मग पेनाचं टोपण काढलं, जुन्या ओळीवर एक रेघ मारली, सही केली आणि मान वर न करता मला विचारलं,

"जेवली नाही असं लिहू, की ताट मुलाकडे सरकवलं असं लिहू?"

तुमची,
दिवसपाळीची मदतनीस