सौरपंप आले, पण ते दुरुस्त कोण करणार?

मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात माझं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेमुळे आमच्याकडे ठिकठिकाणी शेतात पॅनल उभे राहिले. शेतकऱ्याने फक्त 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. योजना चांगलीच आहे. पण पंप बंद पडला की कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावं लागतं, आणि मे महिन्यात पारा 45 वर असताना निसवणीतली, म्हणजे घड बाहेर पडत असलेली केळी थांबत नाही. पाण्याचा ताण बसला की घड लहान राहतो. पाच वर्षांची हमी संपल्यावर फोन तरी कोणाला करायचा?

माझ्याकडे आयटीआय झालेली मुलं कामाला येतात. हुशार असतात, थ्री फेजचा स्टार्टर झटक्यात जोडतात. पण सोलरचा कंट्रोलर उघडला की हात थांबतो. पॅनलकडून येणारा करंट डीसी असतो, भर उन्हात चालू लाइनचा कनेक्टर ओढला तर मोठी ठिणगी पडते, म्हणून आधी आयसोलेटर, म्हणजे लाइन तोडणारा स्विच, बंद करायचा, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. जे यंत्र वर्गात कधी आलंच नाही, ते मुलाला कसं येईल?

सोलर टेक्निशियन, रेफ्रिजरेशन, प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर हे ट्रेड आयटीआयच्या राष्ट्रीय यादीत आहेतच. जळगाव एमआयडीसीत चटई आणि पीव्हीसी पाइपचे कारखाने आहेत. रावेर-सावद्याच्या केळीला शीतगृह लागतं, आणि तिथलं तापमान 13 अंशांखाली घसरलं तर साल काळवंडते, माल पडून राहतो. एवढं काम दारात असताना आमची पोरं फिटर होऊन सुरत नाहीतर चाकण गाठतात, याचं फार वाईट वाटतं.

काही महिने संस्थेत, काही महिने कारखान्यात, अशी दुहेरी प्रशिक्षण पद्धत केंद्राने 2016 मध्येच आणली. खान्देशातल्या प्रत्येक शासकीय आयटीआयने आपल्या तालुक्यातल्या कारखान्यांशी, शीतगृहांशी आणि सौरपंप बसवणाऱ्या कंपन्यांशी असे करार करावेत. सौरपंपाच्या कंत्राटातच स्थानिक मुलांना शिकवण्याची अट घाला, म्हणजे हमी संपल्यावर गावात माणूस तयार असेल.

नंदुरबार जिल्ह्यातल्या दुर्गम धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांचा विचार वेगळा करावा लागेल. आयटीआयचं महिन्याचं विद्यावेतन 40 रुपयांवरून 500 झालं, त्याबद्दल आभार. पण 500 रुपयांत शहरात राहून जेवणसुद्धा भागत नाही. कारखान्यातल्या महिन्यांसाठी त्यांना वसतिगृह हवंच.

आणखी एक. शिकाऊ उमेदवार घ्यायला आस्थापनेत किमान चार माणसं लागतात. आम्ही तिघंच आहोत. हात धरून शिकवतो, पण मुलाला त्याचा कागद मिळत नाही. अशी दहा-बारा दुकानं एकत्र करून जवळच्या आयटीआयला जोडता येतील. त्यासाठी आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवून शिकवायला यायची माझी तयारी आहे.

आपला,
यावल तालुक्यातील एक पंप कारागीर