मागावरच्या कामगारांचे कान कोण तपासणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जागतिक श्रवण दिनानिमित्त काल, ३ मार्च रोजी, प्रसिद्ध झालेला आपला अग्रलेख वाचला. डॉल्बीचा आणि तरुणांच्या कानांतील इअरफोनचा आपण घेतलेला समाचार योग्यच आहे. परंतु सांगली जिल्ह्यातील दैनिकाने बहिरेपणावर एवढा मजकूर लिहावा आणि त्यात विट्याच्या यंत्रमागांचा एका शब्दानेही उल्लेख नसावा, याचे नवल वाटले. डॉल्बीचा दणदणाट वर्षातल्या काही रात्रींपुरता असतो. माग पाळ्या बदलत वर्षभर चालतात. त्यांच्यापुढे कोणी नाचत नाही, म्हणून ते अग्रलेखापर्यंत पोहोचत नसावेत.

माझ्या थोरल्या बंधूंचे उभे आयुष्य मागावर गेले. शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही खुणेनेच बोलावे लागते. कानात कापसाचा बोळा घातला की झाले, अशी सर्वांची समजूत असते, आणि त्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही हे सांगायला तिथे कधी कोणी फिरकले नाही. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, याच्या पुढे कानाला धोका असतो, आणि त्यावर दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होत जातो. आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्यातही वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे कोणीतरी बोलते आहे एवढे कळते, काय बोलते आहे ते कळत नाही. दादांना ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच ऐकू येतात, आणि घरच्यांना वाटते की ते सोयीपुरते बहिरे आहेत.

दिव्यांगत्वाचा दाखला मिळावा म्हणून आम्ही त्यांना एका सरकारी रुग्णालयात नेले. कान तपासून घ्यायला आलेल्या, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही अशाच, माणसांना आत बोलावण्याची तेथील पद्धत अशी की, परिचर दार किलकिले करून नाव पुकारतो आणि लगेच दार लावून घेतो. नंबर दाखवणारा दिव्यांचा फलक भिंतीवर होता, पण तो बंद. दादांचे नाव पुकारले गेले तेव्हा मी केसपेपरवर शिक्का घ्यायला दुसऱ्या खिडकीवर उभा होतो. परत येऊन पाहतो तर त्यांचा नंबर गैरहजर म्हणून सर्वांच्या शेवटी गेलेला. विचारणा केली तेव्हा, “तीनदा हाक मारली, ऐकू येत नाही का?” असे उत्तर मिळाले. ऐकू येत नाही म्हणूनच आलो आहोत, असे मी म्हणालो. बाकावरच्या कोणालाही हसू आले नाही, कारण आमचा संवाद त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

दिवस मावळायच्या सुमारास तपासणी झाली आणि दोन्ही कानांच्या ऐकण्यातील ऱ्हासाची सरासरी ५६ डेसिबल निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेला माणूस ‘कमी ऐकू येणारा’ ठरतो, सबब दाखला नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलहून अधिक ऱ्हास असला तर माणसाला मदतीची गरज आहे असे मानते. आवाजाने गेलेल्या कानात खालच्या पट्ट्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात, त्यामुळे सरासरी काढली की आकडा सौम्य दिसतो. म्हणजे यंत्राने बहिरा झालेला माणूस आपल्या नियमाच्या फटीतून बरोबर खाली पडतो. थोडे अधिक बहिरे होऊन पुन्हा या, असे तिथे कोणी म्हणाले नाही, हा त्यांचा सभ्यपणा.

१९४८ च्या कारखाना कायद्याने आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा डॉक्टरने कळवण्याचा आजार ठरवला होता. पण चार-सहा माणसांवर चालणारी शेड त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हती, आणि विट्यातील बहुतेकांचे पोट अशाच शेडवर चालते. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्राने २००७ साली सुरू केला, हे आपल्या अग्रलेखात आहेच. आरोग्य खात्याने त्या कार्यक्रमाखाली ऐकण्याची क्षमता मोजणारे ऑडिओमेट्रीचे यंत्र वर्षातून एकदा मागांच्या वसाहतीत आणावे, मालकांनी कानात घालायचे प्लग पुरवावेत आणि तपासणीच्या दारावरचा फलक दुरुस्त व्हावा, एवढे लिहायला अग्रलेखात दोन ओळी पुरल्या असत्या.

जाता जाता आणखी एक. ज्या अंकात अग्रलेख छापला, त्याच अंकात ‘मोफत कान तपासणी शिबिरा’ची पाव पानाची जाहिरात होती. अशाच एका शिबिरात दादांना नेले असता तपासणी चहा थंड व्हायच्या आत संपली आणि श्रवणयंत्राच्या हप्त्यांची माहिती मात्र सविस्तर देण्यात आली. तपासणारी व्यक्ती नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, आहे काय, हे जाहिरातीत छापणे आपण बंधनकारक करावे. आपल्या जाहिरात विभागाला हे पत्र दाखवावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
विटा, जि. सांगली