लाल बटण

डोंबिवली,
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय मंद्या,

आठ महिने झाले. पत्र नाही, फोन नाही, तुझ्या वास्तुशांतीलाही आलो नाही. कारणं आहेत, पण ती ऐकून तू हसशील, म्हणून सांगत नाही. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर काठावर आहे, बाकी सगळे ठणठणीत. झाली प्रकृती.

आता मुद्द्याचं. मी नवीन कॉम्प्युटर असेंबल करतोय आणि त्यापायी दोन महिने डोकं ठिकाणावर नाही. घरात हे कोणालाच सांगून उपयोग नाही. बायको म्हणते, "चालतोय ना जुना?" चिरंजीव म्हणतात, "बाबा, एक्सथ्रीडी घ्या." म्हणून तुला लिहितोय. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल.

नोव्हेंबरमध्ये आपल्या शाळेच्या सरांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याचं शूटिंग मी केलं. लग्नाच्या कामांसाठी सेकंडहँड कॅमेरा घेतलाय, त्याची ही पहिली परीक्षा. हौसेने सगळं ४:२:२, १० बिटमध्ये टिपलं. तुला माहीत आहेच, साध्या ४:२:० मध्ये चार पिक्सेलला मिळून रंगाची एकच नोंद असते. ४:२:२ मध्ये दोनाला एक, आणि १० बिटमुळे प्रत्येक रंगाच्या छटा २५६ ऐवजी १०२४. नवरीच्या शालूचा लाल रंग काठावर फाटत नाही, ही त्यातली मजा. पण ते फुटेज माझ्या इंटेलच्या आठव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरवर टाकलं आणि स्पेसबार दाबला, तर सरांचा आवाज पुढे गेला आणि चेहरा मागे राहिला. तोंड उघडं, हात वर, आणि तीन सेकंदांनी एकदम खुर्चीत बसलेले. त्या प्रोसेसरला असलं एच.२६५ (दाबून लहान केलेलं) फुटेज हार्डवेअरमधून उलगडता येत नाही, जुन्या जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्डालाही येत नाही, मग प्रोसेसरचे सहा कोअर बिचारे हाताने दळण दळत बसतात. प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या नकला, करून बघितल्या. तीन तासांच्या फुटेजला अख्खी रात्र गेली, आणि सकाळी चिरंजीवांनी विचारलं, पंखा एवढा का ओरडतोय.

इथून इंटेल की एएमडी सुरू झालं. हसू नकोस.

एरवी मी डोळे मिटून इंटेल घेतलं असतं. अकराव्या पिढीपासून त्यांच्या आतल्या ग्राफिक्सला ४:२:२ चं एच.२६५ उलगडता येतं, एएमडीच्या ग्राफिक्सला येत नाही. एडिटिंगवाल्याला एवढं कारण पुरे होतं. कोअर अल्ट्रा ७ २६५के, वीस कोअर, मी कागदावर लिहूनही ठेवलं होतं. मग कळलं की एनव्हिडियाच्या ५० मालिकेतली ग्राफिक्स कार्डंही आता ४:२:२ उलगडतात. म्हणजे कार्ड तर घ्यायचंच आहे, ते काम कार्डावर टाकलं की इंटेलचा हट्ट संपला. बावीस वर्षांचा माझा मुद्दा एका ओळीत गेला. वर एएमडीने प्रोसेसर बसवायचा एएम५ सॉकेट २०२७ पर्यंत चालवायचा शब्द दिलाय, म्हणजे पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा तो व्होल्टेजचा घोळ झाला, इंटेलला वॉरंटी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली, तेव्हा तू मला पाठवलेले मीम अजून फोनमध्ये आहेत.

ठीक आहे, लिहूनच देतो: २००४ मध्ये एएमडीचा अ‍ॅथलॉन ६४ घेणारा तू शहाणा होतास. माझ्या इंटेल प्रेस्कॉटवर डोसे निघाले असते. पण पिना तू वाकवल्यास. कूलर सरळ वर ओढू नकोस, थोडा फिरवून सैल कर, हे मी सांगत होतो. तू ओढलास, आणि पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून हातात आला. मग तुमच्या हॉलमध्ये पालथे पडून, काकूंनी दिलेल्या टॉर्चच्या उजेडात, शिसं काढलेल्या पॉइंट फाइव्हच्या पेन्सिलीत एकेक पिन घालून ती सरळ करत बसलो होतो. तू अजूनही म्हणतोस की दुकानातूनच वाकड्या आल्या. नव्या एएमडीत प्रोसेसरला पिनाच नाहीत, त्या आता मदरबोर्डवर असतात. तुझ्यासारख्यांसाठीच केलं असणार.

तर प्रोसेसर. चिरंजीवांना ९८००एक्सथ्रीडी हवा. आठ कोअर, ९६ एमबी कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच मेमरी. गेमला ही कॅशे फार मानवते, कारण सारखं रॅमकडे धावत जावं लागत नाही. पण व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना कोअर लागतात, तिथे बारा कोअरचा ९९००एक्स बरा. तो म्हणतो सेकंदाला तीनशे फ्रेम मिळतील. मी म्हटलं, बाळा, तुझा मॉनिटर साठ हर्ट्झचा आहे, सेकंदाला साठच दाखवतो. वाढपी एकच आणि जिलब्या तीनशे. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग मॉनिटरही घेऊ." तुझ्यावर गेलाय कार्टा.

कार्डाचंही असंच. दुकानदार ५०७० गळ्यात मारतोय. आहे वेगवान, पण मेमरी १२ जीबीच. मला ५०६० टीआयमध्ये १६ जीबी मिळते, कलर ग्रेडिंग आणि नॉइज रिडक्शन एकावर एक चढवलं की मला ती लागणार. मात्र त्याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे, डबा नीट वाचला नाही तर तेच घरी यायचं.

खरं दुखणं रॅमचं आहे रे. जूनमध्ये मी लॅमिंग्टन रोडला जाऊन भाव काढून आलो होतो. दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून, अगदी आपल्यासारखं प्रत्येक दुकानात "दुसरीकडे कमी मिळतंय" असं सांगत. मग तायडीच्या अ‍ॅडमिशनचे पैसे निघाले आणि म्हटलं, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर तीच ३२ जीबीची जोडी तिप्पट. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, कारखाने तिकडे वळलेत, आपल्यासारख्यांना उरलंसुरलं. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रूशल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदाराने कोटेशन लिहून देताना रॅमची ओळ कोरी सोडली. म्हणाला, "साहेब, हा भाव सकाळचा, संध्याकाळचा विचारू नका." सोन्याच्या पेढीवर गेल्यासारखं वाटलं.

आणि आपली जुनी युक्ती चालत नाही. आज दोन स्टिक, पगार वाढला की आणखी दोन, असं पूर्वी करायचो. नव्या डीडीआर५ रॅमच्या चार स्टिक लावल्या की ६००० चा वेग खाली उतरतो. म्हणजे १६ च्या दोन घेतल्या की ३२ वर अडकलो, ६४ हवी तर आत्ताच ३२ च्या दोन. ४:२:२ च्या टाइमलाइनला ६४ लागणार, असं मन म्हणतं. पासबुक म्हणतं ३२.

रात्री दोनला मी ह्याच हिशोबात होतो. शेवटी कंटाळून एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बघायला लागलो, ८५० वॅट, गोल्ड. फोटोत त्याची मागची बाजू होती: वायरचं सॉकेट, चालू-बंदचं काळं बटण, बस. ते २३०-११५ व्होल्ट निवडायचं लाल बटण नाही. नव्यात नसतंच, ते कुठलाही सप्लाय आपोआप ओळखतात.

मंद्या, सरांनी भाषणात लॅबची गोष्ट सांगितली.

"माझ्या लॅबचा पहिला फटाका मंदारने फोडला," असं म्हणाले. नवीन आलेलं मशीन, सगळ्या वर्गासमोर सरांनी बटण दाबलं, धाड, धूर, आणि कपॅसिटर जळल्याचा तो वास. मशीनच्या मागे उभा तू. सभागृह पोट धरून हसलं. काकू पहिल्या रांगेत होत्या, त्याही हसल्या, पण मग पदर तोंडाला लावून खाली बघत राहिल्या. तुझ्या बाबांना शाळेत बोलावलं होतं ना तेव्हा.

मी कॅमेऱ्यामागे होतो. त्या जागी फ्रेम हलली आहे. ट्रायपॉडवर माझा हात होता.

कंपासच्या टोकाने ते बटण मी सरकवलं होतं, हे तुला माहीत होतं. मला माहीत होतं की तुला माहीत आहे. ११५ ला केल्यावर आत व्होल्टेज दुप्पट होतं हे मला नंतर, डिप्लोमाला कळलं. त्या दिवशी फक्त काय होतंय ते बघायचं होतं. तू कधीच बोलला नाहीस, पिनांवरून एवढं भांडलो तेव्हाही नाही. मीही पिनांचं तुणतुणं इतकी वर्षं का वाजवत राहिलो, ते आता तुला सांगायला नको.

सर एक दिवसाआड फोन करतात, "फिल्म कुठे?" मी मशीनचं कारण सांगतो. मशीन खरंच अडखळतं, पण तेवढंच कारण नाही. तो तुकडा सतरा सेकंदांचा आहे. कापला तर कोणाला कळणार नाही. ठेवला तर मला सरांकडे जाऊन आधी बोलावं लागेल, आणि मग काकूंकडेही.

तुझं कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का? ओवीचं दहावीचं वर्ष ना हे? नाशिकला थंडी कडक असेल. घराचे राहिलेले फोटो पाठव, स्वयंपाकघर सोडून सगळे पाठवलेस असं ही म्हणते.

पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे. येतोस? पहाटेची गाडी धर, दादरला भेटू. नाहीतर निदान शुक्रवारपर्यंत दोन गोष्टी कळव: रॅम ३२ की ६४, आणि ते सतरा सेकंद.

तुझा,
सुन्या

ता.क. पेन्सिल सापडली, हिरवी, टोपण नसलेली. शनिवारी खिशात घेऊन येतो. मदरबोर्डला तू हात लावायचा नाहीस.