‘पाव’ पायांनी मळलेला नव्हे

मा. संपादक,
पायांनी मळतात म्हणून ‘पाव’, किंवा लादीचा चौथा हिस्सा म्हणून ‘पाव’, अशा व्युत्पत्त्या अधूनमधून छापून येतात. दोन्ही चुकीच्या. आपल्या पोदेराच्या (गोव्यातल्या पाववाल्याच्या) टोपलीतला पाव पोर्तुगीज ‘पांव’वरून आला, त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’. पोर्तुगीजांनीच तो जपानला नेला. तिथे तो ‘पान’ झाला, जपानीतून कोरियनमध्ये ‘प्पांग’. (आपले विड्याचे पान मात्र ‘पर्ण’ आणि मद्यपानातले संस्कृत ‘पान’ म्हणजे पिणे.) मूळ उच्चार नाकातला. पोर्तुगीज बोलताना अनुनासिक गाळले तर ‘पाउ’ होते, म्हणजे लाकूड, काठी! मराठीने नेमके तेच गाळले आणि शब्द जुन्या ‘पाव’च्या रांगेत जाऊन बसला. घोटाळा इथेच होतो.

पाव किलोतला, म्हणजे २५० ग्रॅमचा पाव संस्कृत ‘पाद’वरून. पादचा एक अर्थ पाय. चतुष्पादाचा एक पाय म्हणून चौथा भाग. पायाचा संबंध असलाच तर या पावाशी, उंड्याशी (गोव्यातल्या गोल पावाशी) नाही. ‘देव पावला’, ‘पावती’ यांचे मूळ ‘प्राप्’, पावसाचे ‘प्रावृष्’. चिनी ‘बाओ’ (वाफवलेला पाव) तर निराळाच, त्याचा अर्थ गुंडाळणे.

– एक वाचक, फोंडा