आधी यादी, मग पातेलं

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

साथीच्या दिवसांसाठी मंडळाचा आराखडा करायचं काम तुझ्याकडे आलं, हे बरं झालं. मसुदा वाचला. पहिल्याच ओळीत ‘रोज जेवणाची हजार पाकिटं’ असं आहे. ती ओळ खोड.

देऊळ, दर्गा, चर्च, गुरुद्वारा यांच्याकडे अशा वेळी एक गोष्ट असते, जी वॉर्ड ऑफिसकडे नसते: कोणत्या खोलीत कोण राहतं, याची माहिती. तुमचं वर्गणीचं पावतीपुस्तक म्हणजे तयार यादीच आहे. इमारत, मजला, खोली त्यात आहेच. पुढे चार रकाने आख: साठीच्या वरची माणसं, एकटं राहणारं कोण, रोजचं औषध किंवा डायलिसिस कोणाचं, आणि निरोप कोणाच्या फोनवर द्यायचा. वही दोघांकडेच ठेव. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तिचे फोटो फिरले की संपलं. एकाला ताप आल्याचं सगळ्या चाळीला कळलं, तर दुसरा ताप लपवतो, आणि चाळीत संडास सामायिक असतात हे विसरू नकोस.

या यादीवरूनच ठरतं की कोणाला शिजवलेलं द्यायचं आणि कोणाला शिधा. ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांना रोजच्या खिचडीचा तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, पाकिटं कचऱ्यात जातात. चौघांच्या घराला पंधरा दिवसांसाठी तांदूळ ५ किलो, कणीक ५ किलो, तूरडाळ २ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहा पाव किलो, हळद-तिखट आणि साबणाच्या दोन वड्या दे. शिजवलेलं अन्न गाळ्यात झोपणाऱ्या कामगारांना, फुटपाथवरच्यांना आणि आजारी एकट्या माणसाला.

आता पातेलं. शंभर माणसांना ६ किलो तांदूळ, ३ किलो मूगडाळ, साधारण २७ लिटर पाणी, पाऊण लिटर तेल. मीठ पाव किलोपासून सुरू करायचं आणि चाखून वाढवायचं. माणशी तीनशे ग्रॅमच्या वर खिचडी येते. घरच्या मापाने पाणी वाढवलंस तर पेज होईल, कारण मोठ्या पातेल्यात वाफ कमी जाते. एका पातेल्यात शंभर-सव्वाशेच्या वर जाऊ नकोस, बूड लागतं. लागलंच तर खरवडायचं नाही, ढवळायचंही नाही; वरची खिचडी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायची, नाहीतर करपल्याचा वास सगळीला लागतो. कांदा-लसूण नको, म्हणजे जैन घरांतही चालेल. ओलं खोबरं, उकडलेला बटाटा, दही अजिबात नको. मुंबईच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत टिकत नाही.

सगळ्यात जास्त चुका डबे भरताना होतात. सकाळी सातला शिजवून ठेवलेली खिचडी एकला वाटली की ती आंबते, कारण कोमट अन्नात जंतू सगळ्यात वेगाने वाढतात. गरम डब्याचं झाकण घट्ट लावलं तर आतल्या वाफेचं पाणी होऊन तेही लवकर खराब होतं. दोन मिनिटं वाफ जाऊ दे, मग लाव. अकराला उतरवायचं, साडेअकराला बाहेर काढायचं आणि डब्यावर स्केचपेनने लिहायचं: ‘शिजवलं ११, खा २ पर्यंत’. दोनशेच्या वर गेलात तर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन खेपा करा.

२०२० चा रमजान सगळा कोरोनाच्या टाळेबंदीतच गेला होता. सहेरीचं, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या खाण्याचं, पाकीट पहाटे हाताशी असावं लागतं. त्यासाठी रात्री शिजवून ठेवू नका. खजूर, केळी, पाव आदल्या संध्याकाळीच पोचवा. शेजारच्या मशिदीचे विश्वस्त तुझ्याहून चांगलं सांगतील, त्यांना आधीच विचार. गल्ल्या त्यांच्यात आणि तुमच्यात वाटून घ्या, नाहीतर एकाच इमारतीत तीन संस्था जातात आणि मागची झोपडपट्टी उपाशी राहते.

दर्शन बंद करायचा निर्णय अवघड असतो, पण त्यात चालढकल नको. लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० मध्ये मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान (बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग देणं) ठेवलं. शिबिर तुम्हीही कराल, पण वेळ ठरवून बोलवा. नोंदणी, तपासणी, नंतरची विश्रांती धरून एका खाटेवर तासाला दोनच माणसं नीट होतात. देऊळ उघडं असताना घंटा कापडात गुंडाळून ठेवणं दिसायला छान, पण धोका घंटेपेक्षा कोंडलेल्या गाभाऱ्यातल्या मोठ्याने म्हटलेल्या आरतीत जास्त. आरती बाहेर, पटांगणात. हातावरचं तीर्थ, दर्ग्याच्या चौखटीचं चुंबन, चर्चच्या दारातलं पवित्र पाणी, हे ज्याचं त्याने थांबवायचं. दुसऱ्याने सांगितलं की भांडण होतं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारं मशीन, घ्यायचं तुझ्या मनात आहे. मिनिटाला पाच लिटर देणारी दोन मशीन पुरेत, पण नियम आधी कर. डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय द्यायचं नाही. परत मिळणारी अनामत घ्यायची, नाहीतर मशीन बरं झालेल्याच्या पलंगाखाली पडून राहतं. बाटलीत डिस्टिल्ड पाणीच घालायचं, मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवायचं, फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवायचा. नाकातली नळी प्रत्येक रुग्णाला नवी. दिवाबत्ती, उदबत्ती, गॅस त्या खोलीत नको, हे देवभक्त घरात दोनदा सांग. वीज गेली की मशीन थांबतं, म्हणून ते हॉस्पिटलची जागा घेऊ शकत नाही. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर पाच मिनिटं शांत बसल्यावर लावायचा. नेलपॉलिश, मेंदी, गार बोटं असली की आकडा चुकतो. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरला फोन, ९० च्या खाली हॉस्पिटल. ‘अजून एक रात्र मशीनवर बघू’ असं घरचे म्हणतील. कार्यकर्त्याने हो म्हणायचं नाही.

मयताचं काम अनुभवी माणसांवरच सोपव. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने कोरोनाने गेलेल्या सगळ्यांचं दहनच करावं असा आदेश काढला आणि लगेच मागे घेतला. मे महिन्यात उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या कब्रस्तानांत कोरोनाने गेलेल्यांचं दफन नको म्हणणारी याचिका फेटाळली. हे लक्षात ठेव, कारण अफवा दफनभूमीच्या दारातच सुरू होतात. आंघोळ घालणं, कवटाळणं टाळायचं. लांबून मंत्र, दुआ, प्रार्थना चालते, आणि तेवढ्यासाठी भटजी, मौलाना, फादर यांचे फोन वहीच्या मागच्या पानावर आधीच लिहून ठेव.

लस येईल तेव्हा तुमची माणसं कामाला लाव. परळला ज्याच्या नावाची संस्था आहे, त्या हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक तरी घाबरतच होते. इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतली तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीड चेपली. तुमच्या गुरुजींना पहिल्या दिवशी रांगेत उभं कर, खुर्चीवर बसवून फोटो काढ आणि तो सूचनाफलकावर लाव. दंडाला दोन दिवस दुखेल, एखाद्याला ताप येईल, हेही खाली लिही; न लिहिल्यास दुसऱ्या दिवशी ‘लसीने आजारी पडला’ असं फिरतं.

रविवारी कार्यकर्ते जमतील तेव्हा मसुदा नको वाचूस. पावतीपुस्तक घेऊन दोघा-दोघांना एकेक इमारत दे. ‘एकटं राहणारं कोण’ हा रकाना आधी भरा. तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीतल्या काकूंपासून सुरू करा, त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा फोन नको, दार वाजवा.

तुझी,
आई