काकांचे टॅब बंद करण्याआधी विचारणाऱ्या मुलास

प्रिय बाळा,

तुझं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर आठ दिवस तू आमच्या दारावरून मान खाली घालून जाशील. तुझी आई माझ्या वर्गात होती, म्हणून तूही मला बाई म्हणतोस. तर बाईंचं हे पत्र आहे असं समज आणि शेवटपर्यंत वाच.

परवा तू गेलास आणि मी संगणकासमोर बसून खूप रडले. तुझ्या देखत आलं नाही ते सगळं नंतर आलं.

मार्चपासून संगणकावरच्या त्या क्रोम ब्राउझरने जीव नकोसा केला होता. उघडायलाच पाच-पाच मिनिटं. एक अक्षर दाबलं की पडद्यावर उमटेपर्यंत वाट बघायची. वीजबिल भरताना पान पुढे सरकेपर्यंत ओटीपीची मुदत संपून जायची. मुलगी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता थिजायची, तोंड अर्धवट उघडं तसंच. आणि कोपऱ्यात सारखी लाल पाटी यायची, ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे’. एकट्या बाईला रात्री घरात असलं काही वाचायला लागलं की काय होतं, ते तुला कसं सांगू?

तुझ्याआधी दोघांना दाखवलं होतं. दुकानातल्या मुलाने मान वर न करताच सांगितलं, ‘फॉरमॅट मारावा लागेल आज्जी, सगळं जाईल.’ काय जाईल, त्यात काय आहे, हे त्याने विचारलं नाही. दुसरा घरी आला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता हे मशीन भंगारात काढा, म्हणाला. मग क्रोममधल्या वरच्या टॅबांच्या, म्हणजे उघड्या पानांच्या, रांगेकडे बघून हसला, ‘एवढे टॅब कोण उघडे ठेवतं?’ आणि माझ्या देखत फुलीवर माउस नेला. मी त्याचा हात धरला. त्याला ते आवडलं नाही. व्हिजिटचे पाचशे रुपये मात्र घेऊन गेला.

ते टॅब ह्यांचे होते. अडतीस.

तुला त्या दिवशी थोडंच सांगितलं, आता नीट सांगते. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पावसाळ्यात रोज आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेचं पाणी किती चढलं ते बघून यायचे, निवृत्तीनंतरसुद्धा. नर्मदेची परिक्रमा करायची हे मात्र त्यांचं तीस वर्षांचं मनात होतं. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र कुठेही ओलांडायचं नाही. नदीच तेराशे बारा किलोमीटर लांब, आणि चालायचं दोन्ही काठांनी. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. तेवढं जमणार नाही, पण जमेल तेवढं पायी आणि उरलेलं गाडीने, असं ठरवून ते रोज रात्री एकेका गावाची माहिती शोधत बसायचे. आश्रम कुठे, रस्ता कसा, शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे त्या जंगलात, सोबत कोणाची मिळते. वाचून झालेलं पान बंद करायचे नाहीत, ‘परत लागेल’ म्हणायचे. गेल्या वर्षी वैशाखात ते गेले. क्रोम उघडलं की ती पानं त्याच क्रमाने परत यायची आणि मी ती तशीच ठेवली होती. मीही कधी त्यांतलं एक उघडून पाहिलं नाही.

तू आलास. खुर्चीवर मला बसवलंस आणि स्वतः स्टूल ओढून घेतलंस. वरची रांग बघितलीस. आणि बाळा, तू माउसवरचा हात काढून घेतलास. दोन्ही हात मांडीवर ठेवलेस आणि हळूच विचारलंस, ‘बाई, हे काकांचं आहे का?’

एवढंच. पण वर्षभरात घरी आलेल्या-गेलेल्या कितीतरी माणसांपैकी कोणी ह्यांच्या वस्तूला हात लावण्याआधी थांबलं नव्हतं. कपडे कुणाला द्यायचे, चष्मा ठेवून काय करणार, सगळ्यांना घाई. तू थांबलास.

पुढे तू काय काय केलंस ते सगळं मला सांगता येणार नाही. पण ती यादी लक्षात आहे. शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलंस आणि क्रोममध्ये आत काय काय चाललंय, कोण किती मेमरी खातंय, ते सगळं समोर आलं. प्रत्येक पान क्रोम सहसा वेगळं चालवतं, म्हणजे एक कोसळलं तरी बाकीची उभी राहतात, हे तू समजावलंस. त्या यादीत सगळ्यात वर होतं ते पीडीएफ जोडून देणारं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेलं जादा साधन, जे मी पेन्शनच्या कागदांसाठी एकदाच घेतलं होतं. त्याखाली खरेदीत सूट शोधून देणारं, ते कधी आलं मला ठाऊकही नाही. आणि तू म्हणालास, ‘काकांचे टॅब यात नाहीतच, बाई. त्यांच्यावर क्लिक केलेलं नाही, त्यामुळे ते भरलेच गेले नाहीत. वर नुसती नावं आहेत. ते कुणाचं काही घेत नाहीयेत.’

माझ्या छातीवरचा दगड उतरला. इतके महिने मला वाटत होतं की ह्यांची आठवण धरून बसले म्हणून यंत्र बंद पडतंय, आणि एक दिवस मलाच माझ्या हाताने ती पुसावी लागणार. दोष त्या पानांचा नव्हताच.

लाल पाटीचंही तू खरं सांगितलंस. व्हायरस नव्हता. कुठल्याशा पाककृतीच्या पानावर मी ‘अलाउ’ दाबलं होतं, त्या परवानगीवर त्या जाहिराती येत होत्या. परवानगी काढली, पाटी गेली. चार जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, कमी पडते, ती भरली की संगणक हार्ड डिस्कवर सामान टाकतो, म्हणून ती घरघर. सवडीने रॅम वाढवा, हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी बसवा, घाई नाही, म्हणालास. विंडोजचंही लपवलं नाहीस. सुरक्षेचे अपडेट हा खरा प्रश्न आहे, त्याची सोय करायलाच हवी, पण क्रोम अडकत होतं ते त्यामुळे नाही. ना भीती घातलीस, ना खोटा धीर दिलास.

आमच्या गावी लहानपणी एक पोस्टमन यायचे. वाचता न येणाऱ्या बायकांना मुंबईहून आलेली पत्रं तेच वाचून दाखवायचे. ओसरीवर चार जणी बसलेल्या असल्या तर पत्र काढायचेच नाहीत, नंतर परत यायचे. आणि वाचताना आवाज इतका खाली, की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये. त्यांना हे कोणत्या खात्याने शिकवलं नव्हतं. बत्तीस वर्षं शाळेत मीही मुलाला विचारल्याशिवाय त्याचं दप्तर उघडलं नाही, ते त्यांच्याकडे बघून. दुसऱ्याचा संगणक हे त्याचं दप्तरच आहे, त्याचं कपाट आहे, त्याची पत्रं आहेत. दुरुस्ती येणारी माणसं गावात पुष्कळ असतील. दुसऱ्याच्या कपाटासमोर हात मांडीवर ठेवणारी मला फार थोडी भेटली.

मग तू ती अडतीस पानं एका फोल्डरमध्ये ठेवायला घेतलीस. नाव काय देऊ, विचारलंस. मला पटकन सुचेना, तू वाट बघितलीस. ‘ह्यांची परिक्रमा’ म्हटलं, तसंच लिहिलंस. पानं ह्यांनी उघडली त्या क्रमाने होती, परिक्रमेच्या वाटेच्या क्रमाने नव्हती. परिक्रमा कशी जाते ते तुला माहीत नव्हतं, म्हणून मी सांगत गेले आणि तू लावत गेलास. ओंकारेश्वर. शूलपाणीची झाडी. काठपोर, तिथून नावेने समुद्रातून पलीकडे मिठी तलाई. महेश्वर, भेडाघाट, अमरकंटक, मग दक्षिण काठाने नर्मदापुरम आणि परत ओंकारेश्वर. वर्षभरात ती नावं मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली.

काल सकाळी काठपोरचं पान उघडलं. लगेच उघडलं. त्यात नावा कधी सुटतात याची माहिती आहे.

पैसे तू घेतले नाहीस, चहाही अर्धाच प्यायलास, क्लासची वेळ झाली म्हणून पळालास. मुलगी दिवाळीला येतेय. तिला अजून हे फोल्डर माहीत नाही. तिला दाखवेन तेव्हा तू इथे असावास असं मला वाटतं. आईलाही घेऊन ये.

तुझ्या,
बाई